डोक्याला मुका मार बसलेल्या पोराचा बॅलन्स कसा तपासायचा

मागच्या पावसाळ्यात तालुका स्पर्धेला आठ दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. कबड्डीच्या सरावात आमच्या नववीतल्या एका पोरानं रेडरच्या घोट्यावर झेप टाकली आणि रेडरचा गुडघा त्याच्या कानाच्या वरच्या बाजूला बसला. आवाज काही फार मोठा झाला नाही. पोरगं उठलं, चड्डीची माती झटकली, "काय नाय मॅडम, काय नाय" म्हणालं आणि चालत जाऊन समोरच्या टीमच्या पोरांमध्ये उभं राहिलं. बाकीची पोरं हसायला लागली, माझ्या पोटात मात्र गोळा आला. रक्त नाही, टेंगूळ नाही, शुद्ध गेली नाही, पण आपली टीम कुठली हे त्याला त्या घडीला कळत नव्हतं, आणि कळत नाहीये हेही त्याला कळत नव्हतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलला खेळाची शिक्षिका आहे, स्वतः खो-खो खेळलेली आहे. दहावीत असताना माझं कपाळ खांबावर आपटलं होतं, तेव्हा डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं, कांदा हुंगवला आणि पुढच्या डावाला परत आत पाठवलं. तो डाव मला आजही आठवत नाही. नंतर पंधरा दिवस फळ्याकडे बघितलं की मळमळायचं आणि घरच्यांना वाटायचं पोरगी अभ्यासाचा कंटाळा करतेय. आमच्याकडं कबड्डी, खो-खो, कुस्ती हे सगळं रोजचं आहे, स्मृती मानधनामुळे सांगलीत पोरी पण हौसेनं क्रिकेटच्या नेटला यायला लागल्यात, पण गावच्या शाळेत ना फिजिओ असतो ना टीमचा डॉक्टर. जे काय बघायचं ते खेळाच्या शिक्षकानं, नाहीतर तालमीत वस्तादांनी बघायचं असतं, म्हणून मी जे शिकले आणि तीन वर्षं करत आले ते सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आधीच पक्की डोक्यात ठेवा. ही बॅलन्सची टेस्ट पोराला बाहेर ठेवायला वापरायची, आत पाठवायला कधीच नाही. बॅलन्स बिघडलेला दिसला तर शंका पक्की झाली असं समजा. पण बॅलन्स चांगला आला म्हणजे कन्कशन, म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूच्या कामात होणारा बिघाड, नाही असं होत नाही, बऱ्याच पोरांचा तोल ठीक असतो आणि तरी डोकं दुखतंय, उजेड नको वाटतोय, काही सुचत नाहीये, उगाच रडू येतंय हे सगळं चालू असतं. शंका आली की त्या दिवशी खेळ बंद, टेस्टमध्ये काहीही येऊ दे. आणि कन्कशन आहे का नाही हे ठरवायचं काम डॉक्टरचं आहे, आपलं काम ओळखायचं, थांबवायचं आणि डॉक्टरला नीट माहिती द्यायचं.

टेस्टच्या आधी काय बघायचं

मार लागल्या लागल्या बॅलन्स बघायला जाऊ नका. पहिल्यांदा मान. मान दुखतेय म्हणाला, हातापायाला मुंग्या आल्या, हात किंवा पाय जड वाटतोय म्हणाला तर त्याला हलवायचं नाही, उठवून बसवायचं पण नाही, आहे तसं ठेवून 108 ला फोन करायचा. शुद्ध हरपली, झटका आला, उलट्या होतायत, एकाचे दोन दिसतायत, डोकेदुखी वाढतच चाललीय, पोरगं जास्त जास्त गुंगत चाललंय किंवा उलट अंगावर यायला लागलंय, यातलं एक जरी असलं तरी टेस्ट-बिस्ट काही नाही, सरळ दवाखाना. आमच्याकडून मिरज जवळ आहे, मेंदूचे डॉक्टर आणि सीटी स्कॅन दोन्ही तिथं मिळतं, त्यामुळे "बघू संध्याकाळपर्यंत" असा विचार मी करत नाही.

हे काहीच नसेल तर पोराला सावलीत बसवा आणि वेळ बघा. निदान पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची, कारण दमलेल्या पोराचा तोल तसाही जातो. सलग चार रेड टाकून आलेल्या धडधाकट पोराला एका पायावर डोळे मिटून उभं करून बघा, तोही डुलतो. मग तुम्हाला दिसतंय ते दमल्यामुळं का मारामुळं हे कळायचं कसं? तेवढ्या वेळात त्याच्याशी बोलत राहा, आत्ता आपण कुठल्या मैदानावर आहोत, कुणाविरुद्ध खेळत होतो, शेवटचा पॉईंट कुणी घेतला असं विचारा. नाव आणि गाव विचारून काही कळत नाही, ते बहुतेक सगळ्यांना सांगता येतं. आणि त्याला एकटं सोडू नका, पाणी प्यायला नळावर सुद्धा एकटं नाही.

अजून एक, आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणतात की टेंगूळ बाहेर आलं म्हणजे आत काही नाही. माझ्या आजीनं पण हेच सांगितलं होतं. पण टेंगूळ हे कातडीखालचं रक्त आहे, त्याचा आत मेंदूला किती हिसका बसला याच्याशी काही संबंध नाही. शुद्ध जाण्याचं पण तसंच, बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही.

बॅलन्सच का

आपण सरळ उभे राहतो ते मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते म्हणून. एक डोळे, दुसरा आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग, आणि तिसरे पायाचे तळवे, घोटे, सांधे. या तिन्हीचा मेळ मेंदू सतत घालत असतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. डोक्याला हिसका बसला की हा मेळ काही दिवस बिघडतो. पण डोळे उघडे असले की पोरगं नजरेच्या जोरावर निभावून नेतं, चालतं, बोलतं, सायकल पण चालवतं, आणि आपण म्हणतो ठणठणीत आहे. म्हणून टेस्टमध्ये डोळे मिटायला लावायचे. नजरेचा आधार काढला की बाकीच्या दोघांवर किती भागतंय ते दिसतं.

या टेस्टला बेस (बॅलन्स एरर स्कोअरिंग सिस्टिम) म्हणतात, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 1990 च्या दशकात ती तयार झाली. मूळ टेस्टमध्ये तीन पोझ आहेत, त्या एकदा कडक जमिनीवर आणि एकदा फोमच्या जाड पॅडवर करायच्या, म्हणजे सहा वेळा, आणि जास्तीत जास्त चुका 60. नंतर स्कॅट नावाचा जो कन्कशन तपासायचा फॉर्म जगभर वापरतात त्यात फोम काढून फक्त कडक जमिनीवरच्या तीन पोझ ठेवल्या, जास्तीत जास्त 30 चुका. त्याची सहावी आवृत्ती 2022 साली अ‍ॅमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली त्यानंतर 2023 मध्ये आली, 13 वर्षं आणि वरच्यांना एक फॉर्म, 8 ते 12 वर्षांच्या मुलांना वेगळा. पूर्ण फॉर्म डॉक्टर-फिजिओ लोकांसाठी आहे, त्यात आठवण, लक्ष, मान असं बरंच काही आहे. आपण त्यातला बॅलन्सचा भाग नीट शिकून घ्यायचा.

फोमच्या नादी लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. चांगला पॅड महाग येतो, आणि गादीवाल्याकडून स्पंजचा तुकडा आणून त्यावर टेस्ट घेतली तर एक पोरगं सत्तर किलोचं, एक तीस किलोचं, स्पंज दोघांखाली वेगळा दबतो आणि चार महिन्यांनी बसून जातो. कडक फरशीवरच्या तीन पोझ दर वेळी एकसारख्या घेता आल्या तर आपल्या कामाला पुष्कळ झालं.

टेस्ट घ्यायची कशी

जागा ठरवून ठेवा आणि ती बदलू नका. आम्ही ऑफिससमोरच्या व्हरांड्यातली शहाबादी फरशी घेतो. मैदानावर खड्डे असतात, आणि कबड्डीच्या मॅटवर घेऊ नका, मॅट मऊ असते, तिथला आकडा आणि फरशीवरचा आकडा एकमेकांशी लावता येत नाही. बूट-मोजे काढायचे, ट्रॅकपॅन्ट घोट्याच्या वर दुमडायची, घोट्याला क्रेप बँडेज किंवा टेप असेल तर काढायचा. आजूबाजूला पोरांचा घोळका नको, कारण कुणीतरी हसतंच आणि मग जो उभा आहे तो डोळे उघडतो.

माणसं तीन लागतात. एक मोजणारा, साधारण तीन मीटर लांब समोर उभा. एक मोबाईलवर वीस सेकंद लावणारा. आणि एक दणकट पोरगा किंवा शिक्षक अगदी शेजारी, हात न लावता पण पडलाच तर धरायला तयार. हा तिसरा माणूस कधीही टाळू नका, आधीच डोक्याला लागलेलं पोरगं परत फरशीवर आपटलं तर त्याचं उत्तर आपल्याकडं नाही. शक्य असेल तर दुसऱ्या मोबाईलवर समोरून व्हिडिओ घ्या, पूर्ण शरीर आलं पाहिजे, पायाची बोटं पण. पहिल्या वर्षी मी आणि आमचे दुसरे सर शेजारी शेजारी उभं राहून मोजायचो आणि आमचे आकडे जुळायचे नाहीत, मी टाच उचललेली धरायचे आणि ते धरायचे नाहीत, मग आम्ही दोघांनी बसून दहा व्हिडिओ एकत्र बघितले आणि काय धरायचं ते पक्कं केलं. तरी पण एका पोराची आधीची आणि नंतरची टेस्ट एकाच माणसानं मोजावी हे सगळ्यात बरं.

आता पोझ. तिन्हीत हात कमरेवर, म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजूला जे हाड लागतं त्यावर, डोळे मिटलेले, वीस सेकंद.

पहिली, दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, सावधानमध्ये चवडे फाकवतो तसं नको, पूर्ण पाऊल पावलाला चिकटलेलं. ही सोपी आहे, यात चूक शक्यतो कुणाची होत नाही, आणि म्हणूनच मार लागल्यावर यात चूक दिसली तर मी लगेच घरच्यांना फोन लावते.

दुसरी एका पायावर. कुठला पाय? पोराला विचारा, बॉलला लाथ मारायची असेल तर कुठल्या पायानं मारशील. तो त्याचा मुख्य पाय, तो उचलायचा आणि दुसऱ्या पायावर उभं राहायचं. उचललेला पाय थोडा पुढे, गुडघा अर्धवट वाकलेला, आणि तो उभ्या पायाला टेकवायचा नाही. पोरं हमखास टेकवतात, बगळ्यासारखी उभी राहतात, आधीच सांगा.

तिसरी एका रेषेत, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला चिकटलेली. इथं मुख्य पाय पुढे आणि दुसरा मागे, वजन दोन्हीवर सारखं. ही पोझ दिसायला सोपी आहे पण मार लागलेली पोरं इथंच जास्त उघडी पडतात असा माझा अनुभव.

सांगताना दर वेळी तेच शब्द वापरा, मी वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवलेत: "हात कमरेवर ठेव. डोळे मीट. मी थांब म्हणेपर्यंत हलायचं नाही. तोल गेला तर डोळे उघड, परत तसाच उभा राहा आणि डोळे मिटून चालू ठेव. डोळे मिटलेस की वेळ सुरू." एवढंच. "चांगलं करून दाखव हं" असलं काही म्हणायचं नाही, नाहीतर पोरगं श्वास रोखून उभं राहतं.

चुका मोजताना सहा गोष्टी बघायच्या. हात कमरेवरून सुटला. डोळे उघडले. पाऊल टाकलं, अडखळला किंवा पडला. मांडी बाजूला किंवा पुढे 30 अंशांपेक्षा जास्त गेली, म्हणजे शरीर कमरेतून चांगलंच कललं. चवडा किंवा टाच जमिनीवरून उचलली. आणि पोझ सुटल्यावर पाच सेकंदांत परत पोझमध्ये आला नाही. प्रत्येकाला एक चूक. पण तोल गेला की पोरगं एकाच वेळी डोळे उघडतं, हात सोडतं आणि पाय टाकतं, ते तिन्ही एकदम झालं तर एकच चूक धरायची, तीन नाही. नवीन मोजणारा इथंच चुकतो आणि पोराचा आकडा फुगवून ठेवतो. एका पोझमध्ये दहाच्या वर चुका मोजायच्या नाहीत, आणि सुरुवातीला पाच सेकंद सुद्धा उभं राहता आलं नाही तर सरळ दहा लिहायचे.

नुसतं डुलणं, घोट्यातून थरथरणं ही चूक नाही, पाय जागेवर आहे तोपर्यंत मोजायचं नाही. पण वहीत शेजारी लिहून ठेवा, "खूप डुलत होता" असं, डॉक्टरला उपयोग होतो.

बेसचं झालं की मी चालायची टेस्ट पण घेते, तीपण स्कॅटमध्ये आहे. फरशीवर तीन मीटरची पट्टी, दीड इंची टेप चिकटवली तरी चालते, नाहीतर बाहेर फक्कीची रेघ मारतो तशी इथं खडूची मारा. पोरानं त्यावरून टाचेला अंगठा लावत जमेल तेवढ्या लवकर जायचं, टोकाला वळायचं आणि तसंच परत यायचं, पाय रेघेवरून सुटला किंवा टाच-अंगठ्यात फट राहिली तर ती फेरी मोजायची नाही. तीन फेऱ्या घ्या, सेकंद लिहा. मग तेच चालताना तोंडानं शंभरातून सात-सात कमी करत मोजायला लावायचं, त्र्याण्णव, शहाऐंशी असं. दोन कामं एकदम दिली की मेंदूवरचा ताण दिसतो, एरवी सरळ चालणारं पोरगं मोजता मोजता मध्येच उभं राहतं. आता आमच्या काही पोरांना सातानं उलटं मोजणं बाकड्यावर बसून पण जमत नाही, गणिताच्या सरांना विचारा, म्हणून तर पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

बेसलाईन आधी घ्या, मार लागायच्या आधी

एखाद्या पोरानं मार लागल्यावर सात चुका केल्या तर त्या जास्त का कमी? सांगता येत नाही. कुणी मुळातच दोन करतं, कुणी मुळातच सात. सहावीतलं पोरगं अकरावीतल्यापेक्षा जास्त डुलतं, गेल्या वर्षी घोटा मुरगळलेल्याचा एका पायाचा आकडा वाईट येतो, कान फुटलेल्याचं वेगळंच, रात्रभर आजारी म्हशीपाशी जागून आलेल्याचं अजून वेगळं. त्यामुळे याचा आकडा त्याच्याशी लावून काही निघत नाही, पोराचा आकडा त्या पोराच्याच चांगल्या दिवसाच्या आकड्याशी लावायचा. तो चांगल्या दिवसाचा आकडा म्हणजे बेसलाईन.

आम्ही जुलैमध्ये घेतो, स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, सकाळच्या परिपाठानंतर, सराव झालेला नसताना. चाळीस-पंचेचाळीस पोरं-पोरी असतात, एकाला पाच-सहा मिनिटं लागतात, दोन शनिवारात होतं. एकदा करून दाखवायचं, एकदा त्याला करून बघू द्यायचं आणि मग मोजायचं, कारण पहिल्या वेळी गोंधळामुळंच चुका होतात. वहीत नाव, इयत्ता, तारीख, मुख्य पाय कुठला, आधीची दुखापत, आधी कधी डोक्याला लागलं होतं का, तीन पोझच्या चुका वेगवेगळ्या आणि बेरीज, चालायचे सेकंद, आणि मोजणाऱ्याची सही. बेरजेवर भागवू नका, कुठल्या पोझमध्ये किती हे पाहिजेच.

एक गोष्ट मोठ्या पोरांबाबत. बेसलाईन कशाला घेतात हे एकदा कळलं की एखादा शहाणा मुद्दाम वाईट करतो, म्हणजे पुढं लागलं तरी आकडा जुळेल आणि खेळायला मिळेल. दहावी-अकरावीतल्या एकानं आमच्याकडं तसं केलं, दोन पाय जुळवून उभं राहताना चार चुका, जे धडधाकट पोराला व्हायचं काही कारणच नाही. मी त्याला ओरडले नाही, शेजारी बसवून माझ्या त्या न आठवणाऱ्या डावाची गोष्ट सांगितली आणि आठ दिवसांनी परत घेतली. शून्य आल्या.

त्या पोराचं काय झालं

ज्याला गुडघा लागला त्याची जुलैची बेसलाईन होती चार. दोन पायांवर शून्य, एका पायावर तीन, रेषेत एक. त्या दिवशी वीस मिनिटं बसवून घेतली तेव्हा दोन पायांवर शून्यच, एका पायावर आठ, आणि रेषेत पाच. तेरा. रेषेत उभं राहिला तेव्हा मागची टाच सारखी उचलली जात होती आणि चेहऱ्यावर मात्र "मी बरोबर उभा आहे" असाच भाव होता, ते बघताना मला फार वाईट वाटलं. बेसलाईन नसती तर दोन पायांवरचं शून्य बघून कुणीही म्हटलं असतं, बघा, काही नाही.

वडील मोटरसायकलवर आले, त्यांना म्हटलं मागं बसवून नेऊ नका, रिक्षा करा, आणि वहीच्या पानाचा फोटो त्यांच्या मोबाईलवर पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन, "मॅडम, डोक्याचा स्कॅन काढला, सगळं ओके आहे म्हणाले, मग उद्या सरावाला पाठवू का?" हे सगळ्या आई-वडिलांना समजावून सांगावं लागतं. सीटीमध्ये रक्तस्राव आणि हाड मोडलेलं दिसतं, ते नाही हे कळणं फार मोलाचं आहे. पण कन्कशन म्हणजे मेंदूच्या कामात झालेला बिघाड, तो स्कॅनमध्ये दिसत नाही. मी त्यांना म्हटलं, दादा, घरातली वायर तुटलेली नाही एवढंच स्कॅननं सांगितलं, लाईट अजून फडफडतेय ती आपल्याला दिसतेय ना.

तिसऱ्या दिवशी घेतली तर सहा. पाचव्या दिवशी चार, म्हणजे बेसलाईनला आला. हा जो क्षण आहे ना तो सगळ्यात धोक्याचा, कारण स्पर्धा तीन दिवसांवर, पोरगं हात जोडतंय, टीमची पोरं मागं लागलीत आणि आकडा तर जुळलाय. पण त्याच दिवशी इतिहासाच्या तासाला धडा वाचताना त्याचं डोकं ठणकायला लागलं होतं आणि तो बाकावर डोकं टेकून बसला होता. बॅलन्स बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांत पूर्ववत होतो, मेंदू तेवढ्यात बरा झालेला असतोच असं नाही. म्हणून ही टेस्ट पहिले तीन दिवस खरी कामाची, त्यानंतर तिच्यावर विसंबायचं नाही. वरून सारखी सारखी घेतली तर पोराला सवय होते आणि आकडा आपोआप सुधारतो, रोज घेऊ नका. एक-दोन चुकांचा फरक तर चांगल्या पोरात पण दिवसागणिक होतो, तेवढ्यावर काही ठरवायचं नाही.

तो ती स्पर्धा खेळला नाही. लाईनवर बसून पॉईंट लिहिले, ते पण दुसऱ्या दिवशी, पहिल्या दिवशी शिट्ट्यांचा आवाज सहन होईना म्हणून घरी पाठवला.

परत मैदानावर आणताना

पहिले एक-दोन दिवस निवांत, पण अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायची गरज नाही, घरातल्या घरात फिरणं, अंगणात बसणं चालतं. मोबाईल मात्र पहिले दोन दिवस जमेल तेवढा कमी. मग हळूहळू शाळा. आधी वर्गात पूर्ण दिवस बसता आलं पाहिजे, मग मैदान. खेळात सहा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला निदान 24 तास द्यायचे: रोजची साधी हालचाल, मग चालणं किंवा सावकाश सायकल, मग आपल्या खेळातलं एकट्यानं पळणं-वळणं जिथं डोक्याला लागायची भीतीच नाही, मग टीमबरोबर सराव पण धक्का-पकड नाही, मग डॉक्टरनं लेखी दिल्यावर पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. कबड्डीत चौथी पायरी म्हणजे नुसता फूटवर्क आणि रिकाम्या रेड, खो-खोत नुसतं बसणं-उठणं आणि पाटीवरून पळणं, खांबाजवळ जायचंच नाही, कुस्तीत जोर-बैठका आणि डाव नुसता दाखवणं, जोड धरायची नाही. मध्ये त्रास चांगलाच वाढला तर त्या दिवशी थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढं सरकायचं नाही. घाई का नको, तर पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर पोरांच्या मेंदूला अचानक सूज येऊ शकते, फार क्वचित होतं पण झालं तर जिवावर बेततं.

पोरांना पटत नसेल तर मी जडेजाचं सांगते. डिसेंबर 2020, कॅनबेरा, ऑस्ट्रेलियाविरुद्ध टी-ट्वेन्टी, शेवटच्या ओव्हरला स्टार्कचा बॉल हेल्मेटवर लागला, पठ्ठ्यानं ओव्हर खेळून काढली, पण नंतर मैदानात उतरला नाही. त्याच्या जागी चहल आला आणि तीन विकेट काढून गेला. बदली खेळाडूचा हा नियम आयसीसीनं 2019 मध्ये केला. जडेजाला बाहेर बसवता येतं तर आमच्या नववीतल्या पोराला बसवायला काय हरकत आहे असं म्हटलं की पोरं ऐकतात, आणि हेल्मेट घातलं म्हणजे कन्कशन होत नाही हा समज पण त्यातनं जातो.

आमचा तो पोरगा तिसऱ्या आठवड्यात पूर्ण सरावाला आला, डॉक्टरची चिठ्ठी वहीत चिकटवलेली आहे. या जुलैला त्याची बेसलाईन नव्यानं घेतली, पोरं वर्षात हातभर वाढतात, जुना आकडा चालत नाही. रेषेत उभं राहिला, डोळे मिटले, वीस सेकंद झाल्यावर म्हणाला, "मॅडम, टाच उचलली का माझी?" एकदाच उचलली होती, ती लिहिली.